पोथीचें बासन आणि दोन सुया : कौंडण्यपूरच्या निमित्तानें घरगुती विणकामाचा विचार

जुनी पोथी हातीं आली म्हणजे संशोधक प्रथम तिचें बासन सोडतो, बाजूस टाकतो आणि मग पोथीचा आदि व अंत पाहूं लागतो. कर्ता कोण, लेखक कोण, शक कोणता, पत्रें किती, यांचीं टांचणें होतात. बासनाचें होत नाहीं. तें फाटकें असेल तर केरांत जातें, धड असेल तर दुसऱ्या एखाद्या पोथीस बांधलें जातें. दप्तरांच्या रुमालांचीहि हीच गत आहे. पेशवे दप्तरांतील कागद रुमालांनीं मोजले जातात. रा. ब. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखालीं १९३० पासून पुढील चार-पांच वर्षांत त्यांतील निवडक कागदांचे ४५ भाग छापून निघाले. कागद वाचणारे वाढले. परंतु ज्या फडक्यावरून त्या गठ्ठ्यास रुमाल हें नांव पडलें, त्या फडक्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं.

प्रस्तुत लेखाचा विषय त्या बासनाच्या नात्यांतलाच आहे. गळपट्टे, कानटोप्या, तान्ह्या मुलांचे मोजे, जाळीचे रुमाल, तोरणें अशा ज्या वस्तु घरांतील स्त्रिया फावल्या वेळीं दोन सुयांवर किंवा आंकडीच्या सुईनें विणतात व आप्तेष्टांस भेट म्हणून देतात, त्यांस इतिहासाचें साधन म्हणतां येईल काय, हा प्रश्न आम्हीं येथें घेतला आहे. सनदा आणि ताम्रपट जमविणारांस तो अडगळींतला वाटेल. परंतु ज्या घरांतून आपण सनदा आणतों त्याच घरांतील हीं कामें आहेत. सनदेंत स्त्रीचें नांव आलेंच तर तें बहुधा वारशाच्या नाहीं तर तंट्याच्या निमित्तानें येतें. ती दिवसभर काय करीत होती आणि कोणासाठीं, हें सनद सांगत नाहीं.

कौंडण्यपूर हें स्थान या विचारास सोयीचें आहे. अमरावती जिल्ह्यांत, तिवसा तालुक्यांत, वर्धा नदीच्या पश्चिम तीरावर हें गांव आहे. पैलतीर वर्धा जिल्ह्याचें. विदर्भराज भीष्मकाचें कुंडिनपूर तें हेंच, आणि अंबेच्या दर्शनास गेलेल्या रुक्मिणीचें हरण श्रीकृष्णानें येथूनच केलें, अशी येथील दृढ परंपरा आहे. आषाढीस येथून पंढरपुरास जाणारी पालखी रुक्मिणीच्या माहेरची म्हणून ओळखली जाते. येथील पांढरीचीं टेंकाडें डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं खणून पाहिलीं व त्यांचा अहवाल १९६८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यावरून येथील वस्ती सातवाहनांच्याहि मागें महाश्मकाळापर्यंत जाते. वाङ्मयाच्या बाजूनें पाहिलें तर याच अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धिपुरीं, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, महदंबेनें रुक्मिणीच्या विवाहावर धवळे रचले. थोड्याच काळानें नरेंद्राचें रुक्मिणीस्वयंवर झालें. आणि शके १४९३ मध्यें एकनाथांनीं आपलें रुक्मिणीस्वयंवर काशीस पुरें केलें. पोथी, पांढर आणि परंपरा हीं तिन्ही साधनें एका विवाहाभोंवतीं जमलेलीं अशीं स्थानें थोडीं.

यामुळेंच एक मोह आवरावा लागतो. विवाहाचें काव्य म्हटलें म्हणजे वस्त्रांचें वर्णन आलेंच. परंतु कवीनें वधूस नेसविलेलें वस्त्र हें कवीच्या काळच्या मागावरचें असतें. त्यावरून भीष्मकाच्या अंतःपुरांत काय विणलें जात होतें हें ठरविणें म्हणजे पोथीच्या बासनावरून तिच्या कर्त्याचा काळ ठरविण्यासारखें आहे. रुक्मिणी दोन सुयांवर विणीत बसली होती असें कोणी भाविकानें म्हटलें तर आम्ही वाद घालणार नाहीं. संशोधकानें म्हटलें तर मात्र आधार मागूं. गळपट्टा कौंडण्यपुरास पुराणकाळांत नव्हता, आणि तो नव्हता म्हणून त्या गांवाचें कांहीं उणें होत नाहीं.

गोंधळाचें मूळ एका शब्दांत आहे. मराठींत माग विणतात, बाज विणतात, टोपली विणतात, वेणी विणतात, जाळें विणतात आणि स्वेटरहि विणतात. जुन्या कागदांत विणणें हें क्रियापद आलें म्हणजे त्याचा अर्थ मागावरचें काम असा घ्यावा. दोन सुयांचें काम घेऊं नये. या दोहोंची जात निराळी आहे. मागावरच्या कापडांत ताणा उभा असतो व बाणा त्यांतून आडवा जातो. दोन धागे एकमेकांस अडवून धरतात. सुयांवरच्या कामांत धागा एकच. त्याच्या एका फांसांतून दुसरा फांस काढावयाचा, दुसऱ्यांतून तिसरा, आणि असे शेंकडों फांस एकमेकांच्या आधारानें उभे राहतात. म्हणून तें कापड ताणलें तर ताणतें, सोडलें तर पुन्हा आंखडतें. बाळाच्या डोक्यास आणि म्हाताऱ्याच्या गळ्यास तें सारखेंच सोयीचें होतें. म्हणूनच त्याचें एक टोंक मोकळें करून ओढलें तर सबंध वस्तु पुन्हा धाग्याचा धागा होते. या शेवटच्या गुणाकडे पुढें पुन्हा यावयाचें आहे.

या कलेचा जगांतील इतिहासहि फार जुना नाहीं. मिसर देशांत रोमी अमदानींतील पायमोजे सांपडले आहेत आणि ते दिसण्यांत अगदीं आजच्यासारखे आहेत. परंतु तपासल्यावर ते एकाच नेढ्याच्या सुईनें, गांठी ओंवीत केलेले ठरले. खऱ्या दोन सुयांच्या कामाचे जे जुने नमुने उपलब्ध आहेत ते त्याच देशांतील, मुसलमानी अमदानीचे. त्यांत पांढऱ्या व निळ्या सुती धाग्यांची नक्षीदार मोज्यांचीं शकलें प्रसिद्ध आहेत. युरोपांत ही कला त्यानंतर पसरली आणि इंग्लंडांत विल्यम ली यानें १५८९ सालीं मोजे विणण्याचें यंत्रहि काढलें. आपल्याकडे मोजा हा शब्दच फारशी आहे. नुसत्या डोळ्यांनीं पाहून वस्तूची जात ठरवूं नये, हा धडा मिसरच्या मोज्यांवरून घेण्यासारखा आहे. ताम्रपटाचीं अक्षरें जशीं भिंगाखालीं धरावीं लागतात तसेंच टांक्यांचेंहि आहे.

मग वऱ्हाडांत आधीं काय होतें? सूत होतें. या भूमीचा कापूस सर्वांस ठाऊक आहे, परंतु कापसाच्या इतिहासांत बाजार आणि गांठी यांचीच गणती होते. १८६१ ते १८६५ या वर्षांतील अमेरिकेंतील यादवीमुळें वऱ्हाडच्या कापसास भाव चढला, १८६७ सालीं लोहमार्ग नागपुरास पोंचला आणि १ जानेवारी १८७७ रोजीं तेथें एंप्रेस मिल सुरू झाली. याच सुमारास वऱ्हाड व मध्यप्रांत यांचे कापूस-अधिकारी असलेले रिव्हेट-कार्नॅक हे गृहस्थ पुराणवस्तूंचेहि शोधक होते. नागपुराजवळ जुनापाणी येथील शिळावर्तुळें त्यांनीं उकरलीं; आणि १८८० सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत संकिसा वगैरे ठिकाणीं मिळालेल्या मातीच्या चकत्यांवर टिपण लिहिलें. त्या चकत्यांस टकळीच्या चकत्या म्हणतात, असें मथळ्यांतच सावधपणें म्हटलें आहे. दिवसा कापसाच्या गांठी तपासाव्या आणि रात्रीं टकळीच्या चकतीचा विचार करावा, हा योग विलक्षण खरा. परंतु त्यांच्या खात्याच्या कामगिरीनें सोपी झालेली गिरणीची वाट घरोघरच्या टकळीस जड गेली, हेंहि नमूद केलें पाहिजे.

टकळी बंद पडली तरी घरांतील हातकामाची संवय मोडली नाहीं. देवापुढील वाती घरींच वळल्या जात. लक्ष वातींचें व्रत घेतलेली स्त्री महिनोन्महिने हात चालवीत बसे. पूजेची वस्त्रमाळ कापसाचीच, जागोजाग चिमटीनें वळून कुंकवाचें बोट लावलेली. ब्राह्मणाचें जानवें घरीं काढलेल्या सुताचें असावें असा दंडक होता. चार बोटांभोंवतीं ९६ वेढे, मग तिहेरी पीळ, मग पुन्हा तिहेरी, असे नऊ तंतु. हें काम पुरुषहि करीत, आणि गप्पा मारतां मारतां करीत. लोकरीचें सूत काढणारा धनगर मेंढ्यांमागें चालतां चालतां चाती फिरवी. त्या सुताची घोंगडी होई. जुनीं लुगडीं एकावर एक घालून दोऱ्यानें धावदोरा घातला कीं वाकळ झाली. वऱ्हाडी बोलींत ळकाराचा यकार होत असल्यामुळें तीच वाकय. आणि लेक बाळंत झाली म्हणजे बाळंतविड्यांत अंगडें, टोपडें, कुंची व दुपटें जाई. या यादींतील बहुतेक वस्तु करणारानें आपल्यासाठीं केलेल्या नाहींत. वात देवासाठीं, कुंची नातवासाठीं, वाकळ पाहुण्यासाठीं. आमच्या मतें वऱ्हाडांतील घरगुती विणकामाचा खरा पूर्वज हाच आहे. सुया परक्या, परंतु त्या येऊन बसल्या त्या जागा घरच्याच होत्या.

सुयांची वाट शाळेंतून आली. अमेरिकन मिशननें १८२४ सालीं मुंबईस मुलींची शाळा काढली. १८२७ सालीं तेथें आलेल्या कु. सिंथिया फरार यांनीं पुढें अहमदनगरास मुलींच्या शिक्षणांत आपला जन्म घालविला. अशा शाळांतून वाचनाबरोबर सुईचें काम शिकविलें जाई. पुढें पुण्याच्या सेवासदनानें, म्हणजे १९०९ नंतर, रमाबाई रानडे यांच्या प्रेरणेनें शिवणकाम-विणकामाचे वर्ग चालविले, आणि १९३० सालीं निघालेल्या 'स्त्री'सारख्या मासिकांच्या काळांत ही विद्या शाळेबाहेरच्या घरांतूनहि शिरली. येथें शब्दांची साक्ष घेण्यासारखी आहे. मफलर, स्वेटर, क्रोशा हीं वस्तूंचीं व हत्यारांचीं नांवें परकीं राहिलीं. परंतु हाताच्या क्रियांचीं नांवें मराठी झालीं. सुलट टांका, उलट टांका, टांके घालणें, टांके उचलणें, टांका सुटणें. आंकडीच्या कामांत तर साखळी, खांब आणि मुका खांब. हे शब्द कोणा पंडितानें बनविलेले दिसत नाहींत. एकीनें दुसरीस ओसरीवर बसून शिकवितांना, समोर जें दिसलें त्यावरून, ते पडले असावेत. ओसरीस खांब होतेच. ज्या कामाच्या क्रियापदांस आपली भाषा मिळाली तें काम घरांत मुरलें असें समजावें. नांवें बाजारांतून येतात, क्रियापदें हातांतून.

आतां एक आक्षेप. वऱ्हाडासारख्या उष्ण प्रांतांत लोकरीचें काम कशास? अकोला-अमरावतीचा उन्हाळा ज्यानें भोगला आहे त्यास हा प्रश्न पडणें साहजिक आहे. हिवाळा येथें दोन-अडीच महिन्यांचा. परंतु पौषांत शेतावर जागलीस जाणाराच्या कानांस विचारावें. वर्धेकांठच्या पहांटेच्या वाऱ्याची साक्ष तेच देतील. शिवाय गळपट्टा विणणारी बहुधा तो आपल्या गळ्यांत घालीत नाहीं. तो जागलीस जाणाऱ्या बापासाठीं असतो, शिकावयास परगांवीं राहिलेल्या भावासाठीं असतो, हिवाळ्यांत जन्मणाऱ्या भाच्यासाठीं तर टोपडें आधींच तयार असतें. मुलगी कीं मुलगा हें ठाऊक नसल्यामुळें रंग पांढरा किंवा पिवळा घ्यावयाचा, हा व्यवहार कोणत्याहि ग्रंथांत लिहिलेला नाहीं. लग्नाच्या रुखवतांत मात्र हें काम उघड मांडलें जातें : जाळीचे रुमाल, तोरणें, दोसुतीवर लोकरीनें भरलेलीं चित्रें. रुखवतांतील वस्तूंवर कधीं कधीं नांव आणि साल भरलेलें असतें. शिलालेखासाठीं डोंगर चढणाऱ्या आमच्या मित्रांनीं या कालोल्लेखांकडेहि एकवार दृष्टि टाकावी.

मोठी अडचण आहे ती वस्तु टिकण्याची. मागें सांगितलेला गुण येथें दोष होतो. विणलेलें उसवतां येतें. मूल मोठें झालें कीं टोपडें उसवावयाचें, लोकर ओली करून वजन बांधून सरळ करावयाची, गुंडा करावयाचा, आणि धाकट्याच्या मोज्यांस ती घालावयाची. भावाचा गळपट्टा विटला कीं चांगला भाग उसवून बहिणीच्या मुलीची कानटोपी. एकच लोकर एका घरांत तीन-चार वस्तूंचे जन्म घेते. चांगल्या सुया मिळाल्या नाहींत तर सायकलच्या तारा घासून काम भागवीत. लोकर फुकट घालविणें ही गोष्ट तर कल्पनेंतच नव्हती. जुनी वस्तु न सांपडणें हा येथें कला नसल्याचा पुरावा होत नाहीं. ती वापरून संपल्याचा होतो. आणि जें उसवलें गेलें नाहीं तें कसरीनें खाल्लें. पोथ्यांचे संग्राहक या कसरीस चांगले ओळखतात. कागद आणि लोकर या दोहोंच्या नाशास मराठींत हें एकच नांव आहे, आणि दोहोंचा बंदोबस्तहि एकच : निंबाचा पाला, ऊन आणि नित्य झाडझूड.

वर्धेकांठच्या एका घरीं आम्हीं पाहिलेलें बासन येथें सांगण्याजोगें आहे. आंत साधी, विशेष दुर्मिळ नव्हे अशी पोथी होती. वर जुन्या लुगड्याचें फडकें, आणि त्यावरून दोरीऐवजीं बोटभर रुंदीची, तपकिरी लोकरीची विणलेली पट्टी. पट्टीची एक कड सुबक बंद केलेली व दुसरी तुटकी. म्हणजे ती मुळांत गळपट्ट्याची होती. घरांतील वृद्ध बाईंस विचारतां त्या म्हणाल्या, "सासऱ्यांचा होता. ते गेल्यावर कोणी घालीना. टाकवेना, म्हणून पोथीला बांधला." पोथी त्या सासऱ्यांच्या नित्य वाचनांतली. पुढें ती एका संग्राहकाकडे गेली तेव्हां त्यांनीं ती स्वच्छ खाकी कागदांत गुंडाळून, नवी फीत बांधून नेली. पोथीची नोंद उत्तम झाली. पट्टीचें काय झालें हें कोणी विचारलें नाहीं. पोथी वाचणारा पुरुष कोण हें तिच्यांतील अक्षरांवरून कळेल. त्याला थंडी वाजूं नये म्हणून कोणी विणलें, आणि तो गेल्यावर तें कोणास टाकवलें नाहीं, हें त्या पट्टीखेरीज कोठें लिहिलें होतें?

थोरांच्या वस्तूंची गोष्ट निराळी होते असेंहि नाहीं. नोव्हेंबर १९४७ मध्यें इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांच्या विवाहास महात्मा गांधींनीं भेट पाठविली, ती सुती जाळीचें विणलेलें वस्त्र होती. त्यांत जय हिंद हीं अक्षरें विणलेलीं आहेत. तें तेथील राजघराण्याच्या संग्रहांत जपलेलें आहे. सूत गांधींनीं स्वतः काढलेलें, हें सर्व सांगतात. विणणारे हात दुसऱ्याचे होते, हें सांगणारे थोडे. कौंडण्यपूरच्या पैलतीरीं जो वर्धा जिल्हा लागतो त्यांतच १९३६ पासून गांधींचें सेवाग्राम होतें आणि धाम नदीच्या कांठीं पवनार येथें विनोबा राहत. गांधींच्या निधनानंतर १२ फेब्रुवारीस आपल्या हातच्या सुताची एक गुंडी अर्पण करण्याची सूतांजलीची चाल विनोबांनीं सुरू केली. गुंडी देणाराचें नांव गुंडीवर नसे. तीच तिची शोभा, आणि इतिहासकाराची तीच पंचाईत. १९६२ सालीं चीनच्या आक्रमणाच्या वेळीं देशांतील घराघरांतून स्त्रियांनीं सीमेवरील जवानांसाठीं स्वेटर, गळपट्टे व हातमोजे विणून पाठविले. ज्यांनीं तोंवर आप्तांखेरीज कोणासाठीं टांका घातला नव्हता, त्यांनीं अनोळखी माणसाच्या छातीचें माप अंदाजानें धरलें. एवढें मोठें काम झालें, परंतु आपल्या संग्रहांतून त्यांतला एखादा हातमोजा शोधूं जावें तर तो मिळणें कठीण. तो वापरून संपला.

म्हणून संग्राहक वाचकांस आमची एक मर्यादित विनंती आहे. घरोघरचीं टोपडीं जमवून संग्रहालयें भरावीं असें आम्ही म्हणत नाहीं; तीं ज्यांचीं आहेत त्यांच्याजवळच शोभतात. परंतु पोथी किंवा दप्तर उचलतांना त्याचें बासन, बंध व रुमाल यांची नोंद पोथीच्या नोंदीबरोबरच करावी. कापड मागावरचें कीं सुयांवरचें; सूत कीं लोकर; धागा एकपदरी कीं अनेकपदरी, पीळ उजवा कीं डावा; बोटभर लांबींत टांके किती; कड कशी बंद केली आहे; दुसऱ्या वस्तूची उसवून केलेली आहे काय. हें पाहण्यास एक भिंग आणि मोजपट्टी पुरते. त्याहून महत्त्वाचें म्हणजे घरांतील वडीलधाऱ्या स्त्रीस विचारून तें कोणीं केलें, कोणासाठीं केलें व कोणापासून शिकलें, हें तिच्याच शब्दांत, बोलीचा उच्चार न सुधारतां, लिहून घ्यावें. वाकय म्हणाली तर वाकयच लिहावें. विणणारीनें सांगण्यास संमति दिली तरच नांव घालावें. नाहीं तर गांव व साल पुरे. पोथ्यांच्या यादींत कर्ता, लेखक, शक, पत्रें व स्थिति असे रकाने असतात. स्थितीच्या रकान्यापुढें वेष्टन असा आणखी एक रकाना आंखण्यास जागा पुष्कळ आहे.